आमच्या दादांचा हॉर्न सेक्शन

जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत मिळून आमच्या थोरल्या दिरांइतका चांगला कान दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि त्या कानापायी आमच्या घराइतका त्रासही दुसऱ्या कुठल्या घरानं सोसला नसेल. गावातली पिठाची गिरणी सुरू झाली की ते जेवता जेवता हात थांबवत आणि म्हणत, "पट्टा ढिला झालाय. सूर उतरलाय." दोन दिवसांत गिरणीचा पट्टा खरोखरच तुटे, आणि गिरणीवाला आमच्या घराकडे संशयानं बघू लागे. जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभं राहून, गाडी वळणावर दिसायच्या आधीच, नुसत्या हॉर्नवरून ही घोडेगावची की नारायणगावची हे ते सांगत. विहिरीवरची मोटर, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, ह्या सगळ्यांच्या सुरांना त्यांच्याकडे बँडमधली इंग्रजी अक्षरांची नावं होती. सासूबाईंना सर्दी झाली की एकामागून एक तीन शिंका येत. एकदा दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, म्हणाले, "आई, तिसरी अर्ध्या मात्रेनं उशिरा आली." सासूबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मी मरन तवा तरी मोजत बसू नको रं बाबा."

मी त्यांना दादा म्हणत असे. ते मला बाई म्हणत, कारण मी गावच्या शाळेत शिकवत होते आणि सगळा गावच मला बाई म्हणायचा. धाकट्या भावाची बायको असूनही त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नाही. वीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवून ते कायमचे घरी परतले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि तोवर मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. आले ते एक काळी ट्रंक घेऊन. घरातली सगळी तिच्याभोवती जमली. सासूबाईंना वाटलं, काश्मिरी ब्लँकेट असेल. आमच्या ह्यांना जे वाटलं ते इथं सांगत नाही. ट्रंकेतून निघालं फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं ट्रंपेट, एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "पोस्टिंगच मिळालं न्हाई."

ती कॅसेट कुठल्याशा अधिकाऱ्यानं बदली होऊन जाताना त्यांना दिलेली. परदेशातल्या एका बँडची. त्यावरचं नाव हातांच्या घामानं कधीच पुसून गेलं होतं, त्यामुळे आमच्या घरात तिला 'ती कॅसेट' एवढंच नाव राहिलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ती ओट्यावर लावली. आधी नुसता ड्रम आणि त्याच्या अंगानं चालणारी गिटार, कॉलेजची पोरं ऐकतात तसलं काहीतरी. आणि मग, आपण जरा कुठं त्यात रुळतोय तोवर, पितळी वाद्यं एकदम अशी आली, की ढग बाजूला होऊन डोंगराच्या अख्ख्या उतारावर ऊन सांडावं. मी हातातलं निवडायचं सूप तसंच धरून उभी राहिले. कुठं न्यायचं होतं त्या सुरांना आपल्याला, कळेना. पण जावंसं वाटत होतं. गाणं थांबल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लगीन कुणाचं हाय?"

दादांनी तिथंच जाहीर केलं, की असला बँड आपण जुन्नरात काढायचा. सनई-चौघड्याचा नाही, वरातीचा नाही, फौजेचाही नाही. "ह्यात हॉर्न सेक्शन असतो बाई," ते मला समजावून सांगत. "तीन माणसं वळीत उभी राहत्यात. एकाचं ट्रंपेट, एकाचा सॅक्सोफोन, एकाचा ट्रॉम्बोन. पन वाजवायचं असं, की ऐकणाऱ्याला वाटलं पायजे, एकच माणूस हाय आन् त्याला तीन गळे हायेत." ही बातमी गावभर पसरली, पण पसरता पसरता तिच्यातला बँड गळून गेला आणि हॉर्न तेवढा राहिला. आठवड्याच्या आत ओतूरकडचा एक ट्रकवाला ट्रक घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, सात सुरांचा हॉर्न बसवून द्या." दादांनी त्याला हाकललं नाही. त्याला बसवून घेतलं, 'ती कॅसेट' दोन्ही बाजूंनी ऐकवली. ट्रकवाला चहा पिऊन गेला. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरावरून जाताना तो हॉर्न वाजवायचा, आणि दादा आतून म्हणायचे, "ह्याला कळलंय."

ट्रंपेट वाजवणाऱ्याचा सगळा जीव ओठांत असतो, हे मला त्यांच्यामुळे समजलं. ठेचा वर्ज्य, तव्यावरची भाकरी निवल्याशिवाय तोंडात नाही, थंडीत ओठांना लोणी. सासूबाई लोणी कढवायला ठेवत तेव्हा ते वाटी घेऊन उभे. ट्रंपेटचा पुढचा तुकडा, ज्याला ओठ लावायचे तो, सदऱ्याच्या खिशात असायचा आणि रस्त्यानं चालता चालता ते तो नुसताच फुंकत. त्याचा आवाज गांधीलमाशीसारखा येतो. जुन्नरच्या बाजारात ते शिरले की बायका आधी डोक्यावर पदर घेत आणि मग वर बघत. वेळसुद्धा ते मात्रांत मोजत. भात शिजायला किती वेळ आहे, असं विचारायचे नाहीत, कुकर लागला की बोटांवर मोजत बसायचे आणि म्हणायचे, "अजून बत्तीस."

माणसं त्यांनी दोन-तीन महिन्यांत गोळा केली. सॅक्सोफोन सदाशिवचा. हा नदीपलीकडच्या गावातल्या बौद्धवस्तीतला. बापापासून घरात क्लॅरिनेट, आणि स्वतः जुन्नरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये लाल कोट घालून पंधरा वर्षं वाजवत आलेला. फार अबोल माणूस. दादा त्याला घ्यायला गेले तेव्हा तो म्हणाला, "नाचायचं न्हाई त्यात?" दादा म्हणाले, "न्हाई." "मंग कोन ऐकनार?" "आपुन," दादा म्हणाले. सदाशिवनं थोडा वेळ विचार केला, आणि आला. ट्रॉम्बोनवाला दादांचा फौजेतलाच दोस्त, तळेघरचा, भीमाशंकरच्या डोंगरात भात आणि नाचणी करणारा. ट्रॉम्बोनची नळी पुढं-मागं ओढावी लागते, म्हणून आमच्या गावानं त्याचं नाव पहिल्याच दिवशी पंपवाला ठेवलं, आणि त्यालाही ते आवडलं. गिटार वाजवायचा जुन्नरातला टीव्ही दुरुस्त करणारा. त्यानं जुन्या टीव्हीच्या खोक्यात स्वतःच अँप्लिफायर बसवला होता. ड्रमवर पत्र्याच्या पेट्या बनवणारा कारागीर. दिवसभर पत्रा ठोकून त्याचा हात इतका नेमका झाला होता, की दादांनी त्याला दुकानाबाहेर उभं राहून नुसत्या आवाजावर पारखलं. बेस गिटारचं काय, असं टीव्हीवाला दरवेळी विचारायचा. "फुडल्या साली," दादा सांगत. ते पुढलं साल कधी आलं नाही.

सरावाला जागा आमची कोंबड्यांची शेड. पहिल्या दिवशी कोंबड्या आत असतानाच एका कडेला उभं राहून बँडवाल्यांनी सुरुवात केली, आणि पहिल्याच फुंकरीला दोन हजार पाखरं दुसऱ्या टोकाला ढीग करून बसली. आमचे हे धावत आले. दोघा भावांत आठ दिवस बोलणं नव्हतं. शेवटी ठरलं, की एक बॅच विकली गेली आणि शेड धुऊन चुना मारून झाली, की दुसरी पिल्लं येईपर्यंतचे पंधरा दिवस शेड बँडची. म्हणजे दीड महिना कोंबड्यांचा, पंधरा दिवस संगीताचा. दादांना हेही मान्य होतं. फक्त ते रोज सकाळी जाळीशी उभे राहून कोंबड्यांना विचारत, "काय पावणं, कवा निघताय?"

मधल्या दीड महिन्यात ते फुंकणाऱ्या दोघांना घेऊन लेण्याद्रीला जात. त्यांचं म्हणणं असं, की वाजवणं नंतर. तिघांनी आधी एका वेळी श्वास घ्यायला शिकलं पाहिजे. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या भाविकांना डोलीत बसवून वर नेणारे डोलीवाले असतात. त्यांचं चालणं दादा तासन्तास बघत. चौघांचे पाय, चौघांचे खांदे, चौघांचा दम सगळं एका लयीत. "ह्यांना बघा," दादा म्हणत, "ह्यांच्यातल्या एकानं जरी येगळा श्वास घेतला, तर वरली म्हातारी हलंल." मग सकाळच्या धुक्यात हे तिघं डोलीच्या मागोमाग, हातात वाद्य नाही, तोंडातून शब्द नाही, नुसते श्वास घेत आणि सोडत पायऱ्या चढायचे. मी एकदा शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं. खाली कुकडीच्या पात्रावर पांढरं धुकं साचलेलं, वर लेण्यांची काळी तोंडं, आणि मधल्या पायऱ्यांवर आमचे दादा छाती फुगवून, डोळे अर्धवट मिटून, जणू कुणीतरी त्यांना वरून हलकेच ओढून घेतंय असे चढत होते. पोरांनी विचारलं, "बाई, त्यांना दमा हाय का?" मी म्हटलं, "हो." काय सांगणार?

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे, जरी ती आमच्या घराला शोभणारी नसली तरी. सराव संपला की सगळे ओट्यावर चहाला बसत. सासूबाईंनी सदाशिवसाठी एक वेगळा कप ठेवला होता, कान उडालेला, बाहेरच्या कोनाड्यात. मला दिसत होतं, आणि मी सून म्हणून गप्प होते. ते गप्प राहणं मला अजून टोचतं. सदाशिवलाही दिसत होतं. तो फक्त चहा नको म्हणू लागला. तिसऱ्या दिवशी दादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उठून कोनाड्यातला तो कप घेतला, मला म्हणाले, "बाई, ह्यात माझा वता," आणि सदाशिवच्या हातात स्वतःचा स्टीलचा पेला दिला. सासूबाई आतून बघत होत्या. "अरं, तू कशाला त्यात?" "मला ह्यो कप बरा," दादा म्हणाले. "ह्याला कान न्हाई. घरात एकच कान पुरं." दुसऱ्या दिवसापासून दादा सकाळचा चहाही त्याच कपातून घेऊ लागले. महिनाभर सासूबाईंनी धुसफूस केली. मग एके दिवशी त्यांनीच तो कप उचलून उकिरड्यावर टाकला आणि बाजारातून सहा नवे कप आणले, सगळे सारखे. कोणासाठी कुठला, हे त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मनातून किती बदललं, ते त्यांनाच माहीत.

ह्या बँडात माझाही हात होता, अक्षरशः. कॅसेट ऐकून दादा एकेकाची सुरावट कागदावर उतरवत. पण त्यांचं अक्षर असं, की पंपवाल्याला पानावर मुंग्या चालल्यासारखं वाटे. म्हणून सुवाच्य प्रती काढायचं काम माझ्याकडे आलं. फौजेत शिकलेल्या त्यांच्या इंग्रजी सुरलिपीला पाच रेघा लागतात, आणि तसला कागद जुन्नरात कुठं मिळणार? दादांनी शोध लावला. पोरांच्या इंग्रजी अक्षरासाठी जी चाररेघी वही मिळते, तिच्यात पट्टीनं पाचवी रेघ मारायची. मी दुपारच्या सुट्टीत पाचव्या रेघा मारत बसायचे. टिंबं, त्यांच्या शेपट्या, मधली न वाजवता मात्रा मोजत थांबायची चिन्हं. आधी नुसतं चित्र म्हणून काढत होते. मग हळूहळू असं झालं, की पानावर शेपट्या वर चढू लागल्या की माझ्याही छातीत काहीतरी वर चढायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. दादांना कळलं असावं. एकदा माझ्या प्रतीकडे बघून ते म्हणाले, "बाई, तुमी हे लिवत न्हाई. तुमी ऐकताय."

दीड-दोन वर्षांत त्यांना तीन गाणी येऊ लागली. ती नीट जमली तो दिवस मला लख्ख आठवतो. शेड नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली, दुपारचं ऊन जाळीतून चौकडी-चौकडीनं जमिनीवर पडलेलं. आमचे हे आणि मी दारात उभे. दादांनी मान वर केली, तिघांच्या छात्या एकदम फुगल्या आणि पितळाचा तो आवाज असा एकसंध निघाला, की छपराच्या पत्र्यावरचा चुना थरथरून खाली येऊ लागला. पांढरी भुकटी उन्हात तरंगत होती, माणसं तिच्यात बुडाली होती, आणि क्षणभर मला आपण कुठं आहोत हेच समजेना. गाणं संपलं. ड्रमवाल्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. आमचे हे, ज्यांनी भावाशी आठ दिवस अबोला धरला होता, खाकरून म्हणाले, "फुडची बॅच आठ दिवस उशिरा आणू म्हनतो."

त्याच दिवशी चहा पिताना सदाशिव आपण होऊन बोलला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, थंडीत. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात फुंकत आलो," तो कपाकडे बघत म्हणाला. "माझ्या पोरीच्या लग्नात भाड्याचा बँड न्हाई आननार. आपुन वाजवू. हेच." मंचरकडची नवऱ्याकडची मंडळी, त्यांना हवा नाचायचा बँड. फसलं तर पोरीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. दादा नुसते "वाजवू" म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी गूळसुद्धा सोडला, ओठांना चिकटतो म्हणून.

पुढे पावसाळा आला आणि तळेघरचा पंपवाला भाताच्या लावणीत अडकला. दोन सराव चुकले. दादा मोटरसायकल काढून त्याला बघायला निघाले. मी म्हटलं, डोंगरात पाऊस फार आहे, ते म्हणाले, "लावणी करू लागतो एक दिस, म्हंजे तो मोकळा व्हईल." तळेघरच्या अलीकडे, तांबड्या चिखलाच्या एका वळणावर गाडी घसरली. हातपाय शाबूत राहिले. वरचे पुढचे दोन दात मात्र मुळापासून गेले, आणि ओठ फाटला. पंपवाल्यानं खबर मिळताच धावत येऊन त्यांना पाठीवर घेतलं आणि गाडी मिळेपर्यंत पावसात चालत राहिला. घरी आले तेव्हा तोंडाला फडकं बांधलेलं. सासूबाई रडू लागल्या. दादांनी खुणेनं पाटी मागितली आणि लिहिलं, "ट्रंपेट घरी होतं. बरं झालं."

दिवाळीपर्यंत दातांच्या डॉक्टरनं दोन खोटे दात बसवून दिले. दिसायला इतके सुरेख, की सासूबाई म्हणाल्या, आता लगीन जमंल. पण ट्रंपेटचा सगळा दाब त्या दोन दातांवर येतो. फुंकर घातली की ते हलत, आणि सुराऐवजी नुसती हवा यायची, सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यासारखी. दादा रोज शेडमागच्या चिंचेखाली जाऊन प्रयत्न करत. आम्ही सगळे आपापल्या कामात ऐकू येत नसल्यासारखं करायचो. ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांचे आवाज ऐकले, त्यांचा आवाज न ऐकण्याचं ते नाटक फार अवघड होतं. लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. हातात माझीच वही. "बाई," ते म्हणाले, "माझी वळ दोघांत वाटून टाका. वरचं सदाशिवला, खालचं पंपवाल्याला. गाणं फाटलं न्हाई पायजे."

मी तीन दुपारी बसून ती ओळ वाटली. कुठं काय द्यायचं ते दादा शेजारी बसून सांगत, आणि मी लिहीत होते. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. रेघा मात्र माझ्या वाकड्या येत होत्या. वाटून झाल्यावर मी विचारलं, "आणि तुमचं पान?" ते हसले. "माझं बी काढा की. मी वळीत उभा ऱ्हानार. तीन माणसांचा सेक्शन सांगितलाय सदाशिवनं पावण्यांना." मग मी त्यांच्यासाठी पान काढलं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, तिन्ही गाण्यांचं, नुसत्या थांबायच्या चिन्हांचं. एवढं सुवाच्य मी आयुष्यात काही लिहिलं नाही.

लग्न भर दुपारचं, बुद्धविहाराच्या पुढच्या अंगणात. पांढऱ्या साडीतली नवरी, बुद्धवंदना, हार, टाळ्या. आणि मग सगळ्यांची तोंडं बँडकडे. कडक इस्त्रीचे पांढरे सदरे घालून पाचजण उभे होते. दादा मधोमध, ट्रंपेट ओठांना लावून, समोर माझं पान. नवऱ्याचा मामा पुढं येऊन म्हणाला, "राव, काहीतरी नाचाजोगं व्हऊ द्या." सदाशिवच्या कपाळावर घाम दिसला. दादांनी मान वर केली आणि श्वास घेतला. एवढा मोठा, इतका स्पष्ट, की अंगणाच्या टोकाला मला दिसला. त्याच श्वासात दोघांनी श्वास घेतला, आणि सूर बाहेर पडला.

नवऱ्याचे दोस्त लगेच नाचायला उतरले. पण ते गाणं होतं सात मात्रांचं. पोरं आठाच्या हिशेबानं पाय टाकत, त्यामुळे दर आवर्तनाला सगळ्यांचा एक पाय हवेतच उरायचा. दोन-तीनदा एकमेकांवर आदळली. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नवऱ्यानं, नव्या कोऱ्या कोटातल्या त्या नवऱ्यानं, नेमकं त्या उरलेल्या पायाला एक उडी घ्यायचं शोधून काढलं होतं. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. थोड्या वेळात सगळं अंगण सातव्या मात्रेला एकदम जमिनीवरून सुटत होतं. नवरी खुर्चीवर बसल्या बसल्या बापाकडे बघून हसत होती. दादा पानावरची एकेक थांबायची खूण मोजत, गाल फुगवत, बटणं दाबत होते. बरोबर त्याच क्षणी, बरोबर तीच बटणं. एक सूरही त्यांनी चुकवला नाही, फक्त तो बाहेर आला नाही.

जेवणं झाल्यावर नवऱ्याकडची एक म्हातारी मावशी काठी टेकत दादांसमोर आली. म्हणाली, "भाऊ, तुमचंच वाजवनं मला आवडलं बघा. ते दोघं लई जोरात वाजवत व्हते. तुमी तेवढं हळू वाजवत व्हता." सदाशिव आणि पंपवाला एकमेकांकडे बघू लागले. दादांनी खाली वाकून तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "सरावानं येतं, मावशी."

त्या लग्नानंतर बँडला बोलावणी येऊ लागली. आठ-नऊ वर्षं तो चालला; शाळांची संमेलनं, कुणाचं दुकान, कुणाचं लग्न. ट्रंपेटला नारायणगावचा एक निवृत्त पोलीस मिळाला. त्याचा सूर दादांना पसंत नव्हता, पण तसं ते त्याला कधी बोलले नाहीत. पुढे पंपवाला डोंगरातून उतरेनासा झाला, टीव्हीवाला मोबाइल विकू लागला, आणि बँड केव्हा संपला ते कुणाला नेमकं सांगता येणार नाही. दादा जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले.

पण मला ते आठवतात ते त्या लग्नाहून परत येतानाचे. आमचे हे मागं सामान आवरायला थांबले होते, आणि आम्ही दोघं नदीच्या पुलावरून पायी निघालो होतो. ऊन कलंडलेलं, कडेला कांद्याचे हिरवे वाफे, शिवनेरीचा कडा निळसर धूसर झालेला. दादा ट्रंपेटची पेटी काखेत धरून चालत होते. मग थांबले. पुलाच्या कठड्याला हात टेकून म्हणाले, "बाई, वाजवत व्हते दोघं. पर मला आवाज तीन ऐकू येत व्हते. तुमाला?"

मी म्हटलं, "मलाही येत होते." खरंच येत होते. दोन सूर अगदी एकमेकांत मिसळले, की त्यांच्यामधून कधीकधी एक पातळसा तिसरा उमटतो, तो कुणीच वाजवत नसतं.

"कसा वाटला तुमाला तो तिसरा?"

मी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला कसा वाटला?"

दादांनी खालच्या पाण्याकडे बघत, मन लावून विचार केला.

"माझ्यापरीस बरा वाजवत व्हता," ते म्हणाले, आणि चालू लागले.